बिनजामाचे गुरुवार

गुनवोर शोलुंड बोलायला लागली की तिच्या स्वयंपाकघरातल्या बायका हातातलं काम खाली ठेवून ऐकायच्या. तिच्या धाकानं नव्हे, तर पुन्हा कधी बोलेल याचा भरवसा नसायचा म्हणून. उत्तरेकडच्या थंड मुलखातल्या लाँगमीर नगरपालिकेच्या सगळ्या शाळा आणि एक वृद्धाश्रम, एवढ्या सगळ्यांचं जेवण तिच्या हाताखाली शिजायचं. होकार द्यायचा तर ती तिकडच्या सगळ्या माणसांसारखी श्वास आत ओढून 'श्शूप्' करायची. नकारासाठी तेवढीही हवा ती खर्च करत नसे, नुसती बघायची.

एकदा एका पुरवठादारानं माशाच्या कांड्यांत मासा कमी आणि पाव जास्त भरला होता. गुनवोरनं तक्रार लिहिली नाही. खोकी गाडीत टाकली, अर्धा दिवस गाडी हाकली, थेट त्या साहेबाच्या खोलीत गेली आणि तळलेली एक कांडी त्याच्यापुढे ठेवून म्हणाली, "खा." त्यानं ती संपवेपर्यंत ती टेबलापाशी उभी राहिली. पुढच्या खेपेपासून कांड्यांना माशाचा वास येऊ लागला.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न करून दक्षिणेला गेलेली. गावात आपलं म्हणायला एक धाकटा दीर, स्टूरे. त्याचा जंगली फळांचा धंदा. ब्लूबेरी आणि लिंगोन ही फळं जंगलातून यायची, तो ती गोठवून परदेशी पाठवायचा आणि उरलेल्याचा जाम करायचा. शाळेतल्या पोरांच्या पॅनकेकवर पडायचा तो हाच जाम. दर रविवारी स्टूरे वहिनीकडे कॉफीला यायचा, वरच्या ओठाखाली तंबाखूची पुडी ठेवायचा आणि धंद्यात काही राम उरला नाही असं सांगायचा. दरवर्षी नवी गाडी घेऊन तो हे सांगायला यायचा.

गुनवोरच्या घरामागे गावची जुनी शाळा होती. पोरं संपली तशी शाळा बंद पडली आणि नगरपालिकेनं ती स्टूरेला भाड्यानं दिली. उन्हाळ्यात तिथे थायलंडहून आलेली फळं वेचणारी माणसं राहायची. पहाटे त्यांच्या व्हॅन निघायच्या आणि अंधार पडताना परत यायच्या. गावाला त्यांचा त्रास नव्हता, आणि ज्याचा त्रास नाही त्याच्याकडे लाँगमीरमध्ये कोणी बघत नाही.

ऑगस्टातल्या एका दुपारी गुनवोर मागच्या पायरीवर अळंबी साफ करत बसली होती. समोर एक ठेंगणी, रुंद चेहऱ्याची बाई येऊन उभी राहिली. पाय लंगडत होता, म्हणून त्या दिवशी ती जंगलात गेली नव्हती. तिनं आपल्या फोनमध्ये काहीतरी भराभर सांगितलं आणि फोन गुनवोरच्या तोंडापुढे धरला.

"आदरणीय वृद्ध स्त्री," फोन म्हणाला, "आपले विशाल पातेले आमच्या दुःखी भातास प्राप्त व्हावे."

'वृद्ध' या शब्दापाशी गुनवोरची भुवई जराशी वर गेली. पण तिच्या सगळ्या आयुष्यात अन्नाला दुःखी म्हणताना तिनं कोणाला ऐकलं नव्हतं. तिनं फोनलाच विचारलं, "भात दुःखी का?"

फोननं ते थायमध्ये सांगितलं तशी ती बाई पोट धरून हसली, गुनवोरचं कोपर पकडलं आणि तिला ओढतच शाळेकडे घेऊन गेली.

बाईचं नाव थोंगबाय. ती गुनवोरला पहिल्याच दिवसापासून 'पा' म्हणू लागली. गुनवोरला आठवडाभर वाटत होतं की ही आपल्याला बाबा म्हणते आहे, पण कोणाला काय म्हणावंसं वाटेल ते वाटो म्हणून ती गप्प राहिली. पुढे कळलं की 'पा' म्हणजे मावशी.

शाळेच्या ज्या स्वयंपाकघरात गुनवोर तरुणपणी कामाला लागली होती, त्याच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. बोळात एका स्टुलावर विजेच्या दोन छोट्या शेगड्या ठेवल्या होत्या आणि शाळाभर माणसांचा स्वयंपाक त्यांच्यावर आळीपाळीनं होत होता. मध्येच फ्यूज उडायचा. भात खरोखरच दुःखी होता, खाली करपलेला आणि वर कच्चा. कुलूप आमच्यावर नेमलेल्या मुकादमानं लावलंय, मोठी शेगडी वीज फार खाते म्हणून, असं फोननं सांगितलं.

गुनवोर कायदा मानणारी बाई. तिनं कुलपाला हात लावला नाही. घरी जाऊन पेचकस आणला आणि दाराच्या बिजागऱ्या काढल्या. दार कुलपासकट भिंतीला टेकवून ठेवलं, घरचा फ्यूज आणून बसवला आणि शेगडी पेटल्यावर श्वास आत ओढून 'श्शूप्' केलं. थोंगबाय दचकली. तिला वाटलं म्हातारीला उचकी लागली.

त्यानंतर गुनवोर संध्याकाळी तिकडे जाऊ लागली. थोंगबाय तिकडे आपल्या गावी रस्त्याकडेला कच्च्या पपईची तिखटजाळ कोशिंबीर विकायची. तिला मोठ्यानं हसायची आणि पत्त्यांत लबाडी करायची सवय होती, आणि लबाडी पकडली की ती आणखी मोठ्यानं हसायची. पत्ते खेळताखेळता, फोनच्या त्या सरकारी भाषेत, गुनवोरला एकेक गोष्ट कळत गेली. इथे यायच्या तिकिटासाठी गावच्या दलालाकडून उचल घेतलेली. त्या उचलीपायी जमीन अडकलेली. खाट, व्हॅन, पेट्रोल, भात, सगळ्याचे पैसे मुकादम कापून घेणार. फळं तोलणार तीही त्याच्याच काट्यावर. त्या वर्षी फळं बेताची होती. काहींना परत जायचं होतं, पण जाणार कसे? सगळ्यांचे पासपोर्ट मुकादमाच्या पेटीत होते, हरवू नयेत म्हणून.

"सुरक्षिततेस्तव पारपत्रे निद्रिस्त आहेत," फोन म्हणाला. त्या वेळी थोंगबाय हसली नाही. तिनं पत्ते खाली ठेवले आणि दुखऱ्या पायाला मलम चोळत बसली.

रविवारी स्टूरे कॉफीला आला तेव्हा गुनवोरनं त्याला विचारलं. स्टूरेला राग आला नाही, उलट कीवच आली. ती माणसं आपली नाहीतच, मजूर पुरवणाऱ्या एजन्सीची आहेत, आपण फक्त फळं विकत घेतो, असं त्यानं समजावलं. सोमवारी गुनवोरनं एजन्सीला फोन लावला. तिथली मुलगी फार गोड बोलली. माणसं थायलंडमधली कंपनी निवडते, आम्ही फक्त कागद बघतो, म्हणाली. थायलंडमधल्या कंपनीचा माणूस इंग्रजीत म्हणाला की गावचे दलाल स्वतंत्र असतात आणि तिथली व्यवस्था मुकादम पाहतो. मुकादम म्हणाला, मी हुकमाचा ताबेदार, स्टूरेला विचारा. शेवटी तिनं आपल्याच नगरपालिकेच्या खरेदी विभागाला विचारलं. तिथल्या साहेबानं सांगितलं की नगरपालिका जाम खरेदी करते, फळं नाही, त्यामुळे फळं कोणी वेचली हा प्रश्न आपल्या विभागात बसत नाही.

गुनवोरनं फोन ठेवला आणि त्याच्याकडे नुसतं बघितलं.

त्या आठवड्यापासून तिनं जाम मागवणं बंद केलं.

गुरुवारी वाटाण्याचं दाट सूप आणि मग पॅनकेक, हा त्या देशातला नेम आहे, आणि नेम मोडलेला तिकडे कोणाला खपत नाही. गुरुवारी पॅनकेक आले, वर जाम आला नाही. पोरं बशीकडे बघत बसली. एका मुलीनं ताटली उलटी करून खाली बघितलं. दुपारपर्यंत शाळेचा फोन वाजून वाजून दुखायला लागला. संध्याकाळी गावच्या फेसबुक पानावर जेवढी माणसं भांडत होती तेवढी निवडणुकीत मतदानालाही जात नाहीत. कोणी म्हणालं काटकसर, कोणी म्हणालं सरकारचा कट, कोणी म्हणालं गुनवोरला विसरभोळेपणाचा आजार झाला.

सगळ्यात कडवा विरोध वृद्धाश्रमातून झाला. तिथल्या हेल्गे नावाच्या गृहस्थानं नव्वदी ओलांडली होती, पण जेवणाच्या बाबतीत तो तरुण होता. जाम आल्याशिवाय घास घेणार नाही, असं त्यानं जाहीर केलं आणि हाताची घडी घालून बसला. वार्ताहर आला, फोटो निघाला. उपोषण कॉफी येईपर्यंत टिकलं. कॉफीबरोबर बिस्किटं होती.

दुसऱ्या गुरुवारनंतर नगराध्यक्ष ऊरबान स्वतः स्वयंपाकघरात आला. हा उंच, आनंदी माणूस, प्रत्येक वाक्याआधी हात चोळायचा. त्यानं आधी गुनवोरच्या सूपची स्तुती केली. मग म्हणाला की पुरवठादार असा मनाला येईल तसा हाकलता येत नाही, त्याला कायदा आहे.

"मी कोणाला हाकललं नाही," गुनवोर म्हणाली. "मी जाम मागवत नाही, एवढंच. मागवलाच पाहिजे असं कुठे लिहिलंय?"

ऊरबाननं हात चोळले. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. मग त्यानं जरा वेगळा सूर लावला. जंगल सगळ्यांचं, फळं फुकट, त्या लोकांना इथे बळजबरीनं कोणी आणलंय का? लहानपणी आपण सगळेच वेचायचो की. दुपारभराचं काम, शिवाय ताजी हवा.

गुनवोरनं मोठी रिकामी बादली त्याच्या हातात दिली. "मग आणा की. तुम्ही वेचा, जाम मी करते."

ऊरबाननं ते हसण्यावारी नेलं असतं, पण स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायका ऐकत होत्या, आणि त्यांच्यातल्या एकीचा भाऊ वार्ताहर होता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं: येत्या शनिवारी नगरसेवक, शिक्षक आणि पालक पोरांच्या पॅनकेकसाठी लिंगोन वेचणार. स्टूरेनंही नाव दिलं. हे काम किती सोपं आहे ते एकदा वहिनीला दाखवावं, म्हणाला.

आता, लाँगमीरच्या माणसाला तुम्ही त्याचा पगार विचारू शकता, आजार विचारू शकता, पण त्याच्या फळांची जागा विचारू शकत नाही. बाप मरताना मुलाच्या कानात सांगतो ती ही जागा. त्यामुळे एकत्र जायची गोष्टच नव्हती. ज्यानं त्यानं आपापल्या गुप्त ठिकाणी जायचं आणि संध्याकाळी बादल्या आणायच्या, असं ठरलं. शनिवारी सकाळी सगळे आपापल्या गाड्यांतून वेगवेगळ्या दिशांना निघाले, कोणी पाठलाग करत नाही ना हे बघत, उगाच दोन वळसे घेत.

आणि सगळे खडीच्या जुन्या खाणीपाशी पोहोचले. पहिला आला त्यानं गाडी झुडपामागे लपवली. दुसरा त्याच झुडपाशी गेला. ऊरबान पाठीमागच्या ओढ्याकडून वाकून वाकून येत होता, तो सरळ मुख्याध्यापिकेच्या पाठीवर आदळला. दोघांनीही आपण फिरायला आलो आहोत असं सांगितलं. दोघांच्याही हातात बादल्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली सगळ्या गावाची गुप्त जागा एकच निघाली. टेकाडावर गेले तर तिथे थाई माणसांच्या व्हॅन आधीच उभ्या होत्या, आणि थोंगबायबरोबर गुनवोरही. ती माणसं तिथून गेल्या आठवड्यातच वेचून गेली होती आणि आता राहिलेलं गोळा करत होती.

तरी इभ्रतीचा प्रश्न होता. दातेरी डबा फळांच्या झुडपांतून ओढायचा, पाला झटकायचा, बादलीत ओतायचं, पुन्हा वाकायचं. पहिला अर्धा तास थट्टामस्करीत गेला. मग बोलणं थांबलं. मग डास आले. शिक्षक एकामागून एक कॉफीच्या थर्मासपाशी गोळा होऊ लागले आणि तिथून उठेनात. ऊरबानच्या बादलीत डोकावून थोंगबायनं फोनला काहीतरी सांगितलं. "आपण पाने अतिशय कुशलतेने संकलित केली आहेत," फोन म्हणाला.

स्टूरे मात्र पेटला होता. या धंद्यावर त्यानं घर बांधलं होतं, पण त्या डब्याला त्यानं शाळेत असताना शेवटचा हात लावला होता. वहिनी बघते आहे म्हणून तो न थांबता वाकत राहिला, आणि दुपारी केव्हातरी वाकला तो तसाच राहिला. कंबरेत उसण भरली. त्याला वर होता येईना, खाली बसता येईना. शेवटी चौघी थाई बायकांनी त्याला त्याच आकारात उचलला आणि त्यांच्या व्हॅनमध्ये ठेवला. व्हॅनमध्ये जागा होत्या त्याहून माणसं जास्त होती, पट्टे तुटलेले होते, आणि रस्त्यातला एकही खड्डा ड्रायव्हरनं चुकवला नाही. ती व्हॅन स्टूरेनंच भाड्यानं लावलेली होती.

नर्सनं फोनवर सांगितलं की हाड मोडलेलं नाही, कडक जागेवर उताणं निजवा आणि दोन दिवस हलवू नका. गुनवोर म्हणाली, "मग शाळेत न्या." तिच्या घरी मऊ गाद्या होत्या आणि शाळा जवळ होती हे खरंच आहे. पण तिनं हे मुद्दाम केलं की काय, यावर गावात अजून दोन तट आहेत.

शाळेच्या कसरतीच्या सभागृहात दुमजली खाटा दाटीवाटीनं लावल्या होत्या. स्टूरेला एका खालच्या खाटेवर ठेवला. कडक जागा हवी होती, ती मिळाली. गाद्यांचं बिल त्यानं स्वतः मंजूर केलेलं होतं आणि स्वस्तात पडल्या म्हणून त्याला तेव्हा आनंद झाला होता. डोक्यावर छताला गळती होती. संडासासमोरची रांग त्याच्या उशाशी येऊन वळायची. कोणी त्याला वाईट बोललं नाही. थोंगबायनं त्याला चमच्यानं भात भरवला, भातात घातलेल्या मिरचीनं तो रडला, आणि सगळ्यांना वाटलं बिचाऱ्याला फारच दुखतंय. आंघोळीचं पाणी गार होतं, पण ते त्याला त्या दिवशी कळलं नाही. दुसऱ्या दिवशी अंग पुसलं तेव्हा कळलं.

त्याच दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुकादम आला. स्टूरेच्या खाटेला आडोसा म्हणून बायकांनी एक लुंगी टांगली होती, त्यामुळे तो दिसत नव्हता. मुकादम सभागृहाच्या दाराशी उभा राहून थायमध्ये बोलू लागला. स्टूरेला एकही शब्द कळत नव्हता. पण मध्येमध्ये 'स्टूरे' असं येत होतं. मग पुन्हा 'स्टूरे'. आणि दरवेळी सगळ्या माणसांचे डोळे हळूच त्या लुंगीकडे वळत होते.

गुनवोर त्याच्या उशाशी भात घेऊन बसली होती. थोंगबायनं गुपचूप आपला फोन लुंगीच्या कडेनं आत सरकवला. पडद्यावर एकेक ओळ उमटत होती. स्टूरे म्हणतात, उचल फिटल्याविना कोणी परतणार नाही. स्टूरे म्हणतात, शेगडीच्या विजेचा दंड सर्वांनी भरावा. स्टूरे म्हणतात, पारपत्रे अद्याप निद्रिस्त राहतील.

"मी असं कधीच म्हटलं नाही," स्टूरे कुजबुजला.

"नाहीस ना," गुनवोर म्हणाली. "तू काहीच म्हणाला नाहीस. मग तो म्हणतो."

 स्टूरेनं उशाखालून आपला फोन काढला आणि नंबर लावला. सभागृहाच्या दाराशी मुकादमाचा फोन वाजला. मुकादमाचा आवाज एकदम साखरेसारखा झाला. सगळं छान आहे स्टूरे, माणसं खूश आहेत, आत्ता त्यांच्यातच उभा आहे मी.

"मीसुद्धा," स्टूरे म्हणाला, आणि लुंगी बाजूला केली.

त्याला उठता येत नव्हतं, त्यामुळे पुढचं तो आडवा पडूनच बोलला, पण बोलला चांगलं. पेटी मुकादमाच्या गाडीत होती. गुनवोर त्याच्या मागोमाग गाडीपर्यंत गेली, काही बोलली नाही, नुसती बघत उभी राहिली. त्यानं पेटी उघडली. आपला पासपोर्ट हातात आल्यावर थोंगबायनं तो उघडून स्वतःचा फोटो बघितला, शेजारणीला दाखवला आणि त्या फोटोवर दोघी हसत सुटल्या. मग तिनं तो शर्टाच्या आत, छातीशी खोचला.

पुढे सगळं काही गोड झालं असं नाही. गुनवोरनं आधीच कामगार खात्याला कळवलं होतं, त्यामुळे सोमवारी तिथला माणूस आला आणि त्यानं खाटा, व्हॅन आणि फ्यूज बघून स्टूरेलाच दंड केला. स्टूरे महिनाभर कॉफीला आला नाही. मुकादम दुसऱ्या जिल्ह्यात गेला आणि तिथे झाडं लावणाऱ्यांच्या टोळ्यांवर लागला असं कानावर आलं. तिथे गुनवोर नाही. कामगार संघटनेनं पाठपुरावा केला तेव्हा स्टूरेला राहिलेली मजुरी द्यावी लागली, आणि थोंगबायची उचल त्यातून कशीबशी फिटली. सगळ्यांची फिटली नाही.

नगरपालिकेत ऊरबाननं नवा नियम आणला. ऊरबान अजून नीट वाकत नव्हता, आणि बाकीचे नगरसेवकही उशा घेऊन बैठकीला बसले होते, त्यामुळे ठराव लवकर मंजूर झाला. जाम विकणाऱ्यानं यापुढे फळं कोणी वेचली, त्यांना महिन्याचा पगार किती, ती माणसं कुठे झोपतात, हे सांगायचं. आणि नगरपालिकेचं माणूस न सांगता कधीही जाऊन बघेल. ते माणूस कोण, हे ठरावात लिहायची गरज पडली नाही. जाम महागला. एवढा खटाटोप करून तो पॅनकेकवर परत आला तेव्हा निम्म्या पोरांनी सांगितलं की मधल्या काळात मिळायचं ते सफरचंदाचं पातळ गोड त्यांना जास्त आवडतं. गुनवोर त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. हेल्गेनं मात्र दोनदा मागून घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात थोंगबाय पुन्हा आली, या वेळी पगारावर. स्वयंपाकघराचं दार बिजागऱ्यांवर होतं आणि उघडं होतं. तिनं गुनवोरच्या घरचा जाम चाखला, तोंड वाकडं केलं, आणि त्यात मिरची कुटून घातली.

नाताळच्या जेवणाला आता स्टूरे ती गोष्ट सांगतो. त्याला कसा बऱ्याच दिवसांपासून संशय होता, तो कसा वेशांतर केल्यासारखा त्या माणसांत जाऊन राहिला, कडक खाटेवर, गार पाण्यात, आणि शेवटी त्यानं मुकादमाला कसा रंगेहाथ पकडला. दरवर्षी मुक्काम थोडा लांबतो, आता तो आठवड्यावर आलाय. पाहुणे माना डोलावतात. मुलगी आईकडे बघते, पण गुनवोर त्याला एकदाही खोडून काढत नाही. श्वास आत ओढून 'श्शूप्' करते आणि त्याच्या कपात आणखी कॉफी ओतते.